झाकण न उघडता

आमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींचे हात कापू लागले आणि त्यांनी दुकान बंद केलं. चिमट्यातून केसाएवढा स्क्रू तीनदा पडला, त्याच दिवशी. डायरीत तारीख आहे, कारण स्क्रू माझ्याच घड्याळाचा होता.

त्यांची सून घरी अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, बियाणं करते. गहू उकडायचा, पण दाणा फुटू द्यायचा नाही. काचेच्या बरण्यांत भरून कुकरमध्ये पुन्हा वाफवायचा. गार झाला की अळिंबीच्या बुरशीचा कण आत सोडायचा. पंधरा-वीस दिवसांत पांढरे धागे दाण्यादाण्याला वेढतात. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. हवेतला एक जंतू शिरला की सगळं मुसळ केरात.

घड्याळजींनी पहिल्याच आठवड्यात हात लावला. जन्मभर झाकण उघडूनच दोष शोधलेला माणूस. बरणी नासली. सून अवाक्षर बोलली नाही, तेच त्यांना लागलं. मग ते हात पाठीशी बांधूनच घरात वावरू लागले. जिन्यात मला म्हणाले, आता मी नुसता खायला काळ. मी म्हटलं, मग माझ्याकडे भाजी निवडायला या. हसले नाहीत.

मागच्या महिन्यात चाळीस बरण्यांची मागणी आली. न्यायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत दुकानातलं भिंग बसवून, हात मागेच ठेवून, बरण्यांच्या फडताळासमोर वाकले होते.

"पोरी, ही देऊ नकोस."

तळाच्या एका दाण्यावर हिरवट ठिपका आहे, म्हणाले. तिला दिसेना, मला तर नाहीच. मग स्वतःच चाचरले, म्हातारे डोळे, फसतही असतील. गिऱ्हाइकाला पुऱ्या चाळीस हव्या होत्या. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, बरणी उचलून खिडकीत वेगळी ठेवली आणि एकोणचाळीसच दिल्या.

तीन दिवस त्यांना घास गोड लागला नाही, असं सून सांगत होती. चौथ्या दिवशी तिने मला खाली बोलावलं. बरणीचा तळ हिरवागार झाला होता. नासकी बरणी बघून इतकं खूश झालेलं घर मी पाहिलेलं नाही.

तिने फडताळाशी खुर्ची ओढली. "बाबा, यापुढे तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही बरणी बाहेर जाणार नाही."

घड्याळजींनी हात पुढे आणून मांडीवर ठेवले. कापतच होते. भिंग तिनेच त्यांच्या डोळ्याला लावून दिलं.

"आण पुढची," ते म्हणाले.