झाकल्या मुठीचं व्याज

छावणीच्या फाटकासमोर तीन दुकानं होती. एक न्हाव्याचं, एक चांभाराचं आणि तिसऱ्यावर पाटी, ‘फौजी कुटुंबांना तत्काळ कर्ज, मुदत पंधरा दिवस’. पहिल्या दोन दुकानांतून माणूस नीटनेटका होऊन बाहेर पडे.

फौजीवहिनी तिसऱ्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. नवऱ्याची बदली सीमेवर झाली आणि तिला सरकारी घर सोडावं लागलं. भाड्याच्या घराची अनामत लगेच हवी होती. बदलीचा भत्ता सरकारी चालीनं यायचा होता. तिनं पंधरा दिवसांपुरतं कर्ज काढलं. भत्ता आला तेव्हा त्यातला निम्मा व्याजात गेला, उरलेला सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनात. मुद्दल जागच्या जागी, सावधान स्थितीत उभं.

दुकानदाराला सगळे काका म्हणत. काकानं कधी आवाज चढवला नाही. मुद्दल मात्र तो तुकड्यातुकड्यांनी घेत नसे. द्यायचं तर एकरकमी, नाहीतर व्याज भरा आणि मुदत वाढवा. वहिनी आली की चहा मागवायचा आणि मायेनं विचारायचा, “यंदा बढतीच्या यादीत जावईबापूंचं नाव आहे म्हणे. काय करू पोरी, युनिटात फोन लावू, की भागवतेस?”

कर्जबाजारी माणसाची बढती अडते, हे छावणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वहिनी भागवायची. दिवसभर गणवेशांना बटणं लावून मिळालेले पैसे काकाच्या मौनावर खर्च व्हायचे. “लोक फोन केल्याचं बिल भरतात, मी न केल्याचं,” असं ती म्हणे.

फौजीच्या घरात एक अलिखित कलम असतं: तिकडे वाईट कळवायचं नाही. रविवारी नवऱ्याचा फोन येई.

“कसं चाललंय?”

“सगळं ठीक. तुमचं?”

“सगळं ठीक.”

पोरगी तापानं फणफणली, सासू जिन्यात पडली, छत गळलं. सगळं ठीक होतं.

मग काकानं व्याज वाढवलं. बटणं लावून लावून बोटांची चाळण झाली, तरी भागेना. काकानं सांगण्याआधी आपणच सांगावं, असं वहिनीनं ठरवलं. त्या रविवारी ती एका दमात बोलली, “अहो, मी फाटकासमोरच्या काकाकडून कर्ज काढलंय.”



“माहितीये.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानंच. मागे एकदा तुझं व्याज उशिरा पोचलं, तेव्हा साहेबांना फोन केला होता त्यानं.”

“आणि बढती?”

“ती तेव्हाच गेली दुसऱ्याला.”

“मग मी इतके महिने कशाचे पैसे भरतेय?”

तो म्हणाला, “साहेब पगारातून उचल द्यायला तयार होते. एकदाचं फेडून टाक म्हणाले.”

“मग घेतली का नाहीत?”

“कशासाठी म्हणून पाठवणार होतो? तू तर सगळं ठीक म्हणत होतीस.”

उद्या अर्ज करतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ‘सगळं ठीक’ म्हणायचं दोघंही विसरले.

पुढच्या खेपेला काकानं नेहमीप्रमाणे चहा मागवला. “मग पोरी, फोन लावू का?”

“लावा की,” वहिनी म्हणाली. “आणि लागलाच तर विचारा, उचल कधी मिळतेय. माझा फोन तिकडे लवकर लागत नाही.”

काकानं फोनला हात लावला नाही. वहिनीनं व्याजही काढलं नाही. चहा मात्र ती सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. त्याचे पैसे तिनं केव्हाच भरले होते.