घरून धुतलेले पाय

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा वाचून आमचे पाळक मंडळीचे पाय धुतात. आम्ही मात्र घरूनच पाय घासून जातो. आपला मळ कुणाला दिसू नये, एवढा अभिमान त्या दिवशीही सुटत नाही.

यंदा बाबांच्या ताज्या कबरीवरून आई थेट चर्चमध्ये आली. पाळक परात घेऊन समोर बसताच तिने पाय लुगड्यात ओढले.

“नको पाळकसाहेब, मातीनं भरलेत.”

“मग पाणी कशाला आणलंय, शांताबाई?”

तिने पाय पुढे केले. याच पायांनी ती रोजंदारीला गेली, म्हणून मी पदवीधर झालो. परातीतलं पाणी मातीनं लाल झालं आणि बाबा गेल्यापासून गप्प असलेली आई हुंदके देऊन रडली.

पाळकांनी पाणी बदललं. माझे पाय स्वच्छच होते. पाणी तसंच नितळ राहिलं. गार लागलं, एवढंच.