मुसळाला हात

मखमलाबादच्या बाजूला आमचा जमिनीचा एवढासा तुकडा होता, आणि पाणी चुलत्याच्या विहिरीचं. आई अंधारात गुलाब खुडायची आणि दिवस वर यायच्या आत नाशकात विकायला बसायची. बाजारात बायांना जायला जागा नव्हती, म्हणून घरी परतेपर्यंत ती घोटभर पाणी पीत नसे. त्या फुलांवर मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, तेव्हा म्हणाली होती, "शिकून काय करनार? हारच गुंफायचे ना!" ते वाक्य मी टाकून दिलं नाही. अशी वाक्यं मी जपून ठेवते.

पुढे मला अंबडला नोकरी लागली, घरात संडास झाला, नळ आला. आईला मनसोक्त पाणी पिता येऊ लागलं, तर नेमका तिला लघवीला जायचाच त्रास सुरू झाला. पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. "खाली आग होते," एवढंच ती सांगे. त्या जागेला आमच्या घरात नावच नव्हतं. जवळचा डॉक्टर दर वेळी लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या द्यायचा. चार दिवस बरं वाटे, की पुन्हा तेच. आणखी काही विचारलं, तर म्हणायचा, "वय झालंय त्यांचं." वय झालं म्हणून याने चष्मा लावला होता, गुडघ्याला पट्टा बांधला होता. माझ्या आईने मात्र सोसायचं!

मग काकूच्या नातवाचं लग्न निघालं. लग्नाआधी आमच्यात घाणा भरतात: सवाष्णी मिळून मुसळ धरतात, हळकुंडं कुटतात, गाणी म्हणतात. थोरली सवाष्ण म्हणून पहिला हात आईचा. पण पाटावर तिला धड बसवेना. दोनदा उठून मोरीत जाऊन आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "आक्का, तुमी लांबच बसा. मुसळाला हात नका लावू. कायतरी अंगावरचं आसंल, शुभकार्यात कशाला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. आई भिंतीला टेकून बसली आणि टाळ्या वाजवत राहिली. मी त्या टाळ्या विसरलेले नाही.

माझी पाळी गेल्यावर मलाही तीच आग सुरू झाली. मी थेट बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी तपासलं, मग समजावलं. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन घटतं. योनीचं आतलं अस्तर त्यावरच पोसलेलं असतं. ते पातळ पडतं, कोरडं होतं, चिरतं, तिथले चांगले जंतू कमी होतात. लघवीची वाट शेजारीच, म्हणून तिथेही आग आणि सारखं इन्फेक्शन. हे आपोआप बरं होत नाही, पण इलाज आहे: थोडंसं इस्ट्रोजेन असलेलं मलम, तिथल्या तिथे लावायचं.

ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मी नव्हतेच. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन गेले. बाईंनी रक्त जातं का, छातीत कधी गाठ झाली होती का, सगळं विचारलं, तपासलं आणि मलम दिलं. सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून दोनदा.

रिक्षात आई कुजबुजली, "या वयात तिथं मलम? लोक काय म्हनतील?"

"लोकांना दाखवायचंय का तुला?"

रिक्षावाला आहे हे विसरून ती खुदकन हसली.

पहिल्या पंधरा दिवसांत फरक वाटेना. "गेलं फुकट," ती म्हणायची. मग हळूहळू आग निवली. दोन-तीन महिन्यांत गोळ्यांची गरजच पडेना. बरं वाटतंय म्हणून तिने मलम सोडून पाहिलं, तर आग परत आली. तेव्हापासून ती स्वतःच मला आठवण करून देते.

यंदा माझ्या लेकीचं लग्न झालं. घाण्याला काकूला बोलवायला मी स्वतः गेले. बघायला ती हवीच होती. आईला पहिल्या पाटावर बसवलं. मुसळ चाललं, गाणी चालली, आई हलली नाही. थोड्या वेळाने काकूने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आक्काला काय दिलं गं? मला बी लय तरास हाय."

"कुठे?"

"खाली गं."

"खाली म्हणजे कुठे, काकू? पायाला?"

तिने मान खाली घातली. तिच्या तोंडून निघणार नव्हतं, म्हणून मीच बोलले, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "योनीत लावायचं मलम आहे, काकू! पण आधी तपासून घ्यावं लागतं. डॉक्टरीणबाईंचा पत्ता देते."

बाहेरचं गाणं थांबलं. काकू लालबुंद होऊन बाहेर आली. आईने सगळं ऐकलं होतं. शेजारची जागा थोपटत ती म्हणाली, "ये, बस हितं. पन मुसळाला हात नको लावू."

बायका खो खो हसल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पत्ता मी काकूला दिला. आणि माझ्या आईने घाणा भरला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न उठता.