दादाच्या नावाचा रिपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही दादाला ओळखत नाही, म्हणून असेल.

पनवेलच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. हात हलका आहे म्हणून लोक माझ्याच खुर्चीपाशी रांग लावतात. दादा माझा थोरला भाऊ, जवळच्याच कोन गावात राहतो. पोट सुटलेलं — पट्ट्याला दरवर्षी खिळ्याने नवं भोक पाडायचा आणि वर स्वतःच हसायचा. चार वर्षांपूर्वी तळोजातल्या एका कंपनीत त्याला क्रेनवर कायम करणार होते. त्याआधीची तपासणी नेमकी आमच्या लॅबकडे आली.

मे महिना होता. आमच्या गावांत मेमध्ये रोज कुणाची तरी हळद, आणि हळदीच्या मटणाला नको म्हणणारा अजून जन्माला यायचाय. दादा सकाळी उपाशीपोटी आला, म्हणजे तसं म्हणाला. त्याचं रक्त मशीनमध्ये फिरवलं. वर पिवळसर पाणी दिसायला हवं, तर ते दुधासारखं पांढरं. एवढी चरबी! मी स्वतःची समजूत काढली — कालच्या हळदीचं असेल. पण तीन महिन्यांची सरासरी साखरही तपासली होती, आणि तीही चढलेली. ती काय एका हळदीने चढते? मला कळत नव्हतं का? रोज हेच तर मी लोकांना सांगते.

दादाने काही मागितलं नव्हतं. त्याला अजून माहीत नाही. मीच घाबरले — नोकरी हुकली तर सगळे म्हणणार, बहीण लॅबमध्ये असून काय उपयोग? मी दार लोटलं. डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि — माझं रक्त काढलं. ट्यूबवर त्याचं नाव चिकटवलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. फक्त हिमोग्लोबिन पुरुषाच्या मानाने कमी. माझं नेहमीच कमी असतं.

दादा कायम झाला, पेढे वाटले, दोन मी खाल्ले. मग वर्षभरात त्याला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणाली की तो रिपोर्ट पुढे करायचा. "मना काय नाय झाला. बहिणीनं तपासलाय." आणि मी? मी समोर बसून चहा प्यायचे. तोंड उघडलं नाही. एकदाही नाही.

गेल्या वर्षी त्याला कळंबोलीच्या हॉस्पिटलात उचलून न्यावं लागलं. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, त्यातला एक खाली सरकून अडकलेला, स्वादुपिंड सुजलेलं. डॉक्टर समजावत होते, की पोटाचा घेर, साखर, रक्तातली चरबी, ब्लडप्रेशर ही मंडळी एकत्र नांदायला लागली की पित्तात खडे होण्याची भीती वाढते. आधी कधी काही तपासलं होतं का? वहिनीने पिशवीतून रिपोर्ट काढला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा नॉर्मलच होतं," मी म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? आत दादा तळमळत होता.

मग वहिनीच बोलली. रिपोर्टात रक्त कमी लिहिलं होतं, म्हणून ती तीन वर्षं रोज सकाळी दादाला मूठभर खजूर आणि गूळ देत होती. न चुकता. डॉक्टरांनी फाइलमधल्या साखरेच्या आकड्याखाली रेघ ओढली.

दादा वाचला. इन्सुलिन घेतो, क्रेनवर चढत नाही, आणि गावातल्या लोकांना अजून माझ्याकडेच तपासायला पाठवतो. वहिनीने घरातला गूळ काढून टाकला. परवा कोलंबी सोलताना तिने मान खाली घालूनच विचारलं, "माज्यामुलंच ना गो?"

मी म्हटलं, "जाऊ दे वहिनी, तू काय मुद्दाम केलंस?"

तिने डोळे पुसले. मी कोलंबी सोलत राहिले.