कोणीच वापरत नाही असं कार्ड

जगात कोणीच वापरत नाही असं एक कार्ड मी एकदा कर्नेलमधून हाकलून दिलं. तेव्हा मला पन्नाशी लागली होती, म्हणजे मूर्खपणाला कोवळ्या वयाची सबबही नव्हती.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आमचा खुला, कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा असा. ऑफिस सांभाळून मी त्यातले जुनाट ड्रायव्हर बदलायची. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्राशी कसं बोलायचं ते ठाऊक असलेला कोड. नवा लिहायचा कंटाळा आला की जुना सरळ काढून टाकायचा. फक्त आधी मेलिंग लिस्टवर, म्हणजे आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या सामायिक ईमेल यादीवर विचारायचं, कोणी वापरतंय का? संगणकात खोचून बाहेरचं यंत्र जोडायच्या एका जुन्या कार्डाबद्दल मी विचारलं. दोन आठवडे कोणी ब्र काढला नाही. खलास! कोड उडवला आणि वर ऐटीत लिहिलं, "वापरणारा कोणी उरलेला नाही."

वर्षभराने इथे आखातात, आमच्या अल मजाजच्या घराजवळच्या भरतकामाच्या दुकानात ब्लाउज टाकायला गेले. मालक चिपळूणचा. त्याचा संगणक अपडेट मागत होता.

"आणा इकडे, पाच मिनिटांचं काम."

"काकी, चालतंय तर चालू द्या ना. सोमवारी शाळा उघडतेय, तीनशे बिल्ले द्यायचेत."

पण ऐकेन तर मी विदुषी कसली? अपडेट केलं, आणि भरतकामाचं मशीन मुकं झालं. संगणकाचा डबा उघडून आत टॉर्च मारला. तेच कार्ड.

"काय झालं?"

"याचा ड्रायव्हर काढून टाकलाय कोणीतरी."

"कुठल्या गाढवाने?"

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मीच."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "यल्ला, चला, बसवा परत."

संध्याकाळपर्यंत जुना कर्नेल परत घातला, मशीन खडखडलं, बिल्ले वेळेत गेले. पण जुन्यावर तो किती दिवस काढणार? आणि माझा उडवलेला कोड नव्या कर्नेलमध्ये काही केल्या बसेना. म्हणून नवा ड्रायव्हर लिहायला घेतला. दर रविवारी लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. पहिल्या खेपेला सुई एकाच भोकात टोचत बसली. दुसऱ्या खेपेला बिल्ल्यावरचा ससाणा पाय वर करून आडवा. पाचव्या रविवारी तो एकदाचा सरळ उभा राहिला.

ड्रायव्हर कर्नेलमध्ये गेला. चाचणी कोणी केली ते बदलाच्या नोंदीखाली लिहायची आमच्यात रीत आहे. तिथे मी दुकानाच्या मालकाचं नाव घातलं आणि फोनवर त्याला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"पण काढण्याआधी तुम्ही विचारलं होतं म्हणालात. कुठे विचारलं होतं?"

"मेलिंग लिस्टवर."

त्याने दाताने दोरा तोडला.

"काकी, पुढच्या वेळी दुकानात येऊन विचारा. चहापण मिळेल."