गुरुवारची अपॉइंटमेंट

त्या आठवड्यात माझी श्रद्धा पार डळमळली होती. माझा धाकटा भाऊ सुहास ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून नुकताच सुटला होता. एका व्यसनमुक्ती घरात त्याला जागा मिळाली होती, पण सरकारी भत्ता सुरू झाला तरच ती टिकणार होती. नाहीतर पुन्हा मनुरेवा उपनगरातले ते जुने मित्र. अमेरिकेतल्या मावसभावाने फोनवर बजावलं होतं, "ड्रग्जची शिक्षा झालेल्याला सरकार दारात उभं करत नाही. तोंड उघडू नका." आमच्या घरात पहिली पदवी माझी, मी इथे परदेशात फार्मसीत नोकरी करत होते, तरी हा नियम कुठल्या देशाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. लाजेने डोकंच चालत नव्हतं. सुहास इतके महिने भारतात होता असं सांगायचं, मी ठरवून टाकलं.

भत्त्याच्या सरकारी कार्यालयातली अपॉइंटमेंट बुधवारची होती. आदल्या दिवशी फोन आला, अधिकारी आजारी आहेत, गुरुवारी या. मला रडूच कोसळलं. दत्तगुरूंचा गुरुवार मी लग्नाआधीपासून करते, आणि आईने उपवासाहून एक नेम कडक सांगितला होता: त्या दिवशी खोटं बोलायचं नाही. महाराजांनी नेमकी आत्ताच पाठ फिरवावी, याचा मला रागही आला.

आमच्या माउंट रॉस्किल भागातून निघालेल्या बसमध्ये सुहास हळूच म्हणाला, "ताई, आज तुझा खरं बोलायचा वार. मग मी भारतात होतो की आत?"

"गप्प बस. तूच सांग काय ते. मी बोलणार नाही."

"वा! म्हणजे पाप माझं, पुण्य तुझं."

अधिकारी इथल्या मूळच्या माओरी समाजातल्या बाई होत्या. "किया ओरा" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करत त्यांनी बसवलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "मधले हे महिने कुठे होतास?" सुहासने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्यासाठी खोटं बोलणार, हे मला दिसत होतं. मनात म्हटलं, महाराज, आता तुमच्या हाती. आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "तो तुरुंगात होता. ड्रग्जसाठी."

टायपिंग थांबलं. सुहासने डोळे मिटले.

"स्वीट," बाई म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही. "सुटकेचे कागद आणलेत ना? शिक्षा झाली म्हणून इथे भत्ता अडत नाही. आतून आलेल्यांना सुरुवातीला थोडी वेगळी मदतही मिळते." मग स्क्रीनकडे बघतच पुढे म्हणाल्या, "घरचे कधी कधी सांगतात, परदेशात होता. तपासात खोटं निघतं, मग सगळंच लटकतं."

बाहेर आल्यावर सुहास कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, केळी घेऊन आला. "उपवासाला चालतात ना, ताई?" म्हणाला, आणि तिथेच फुटपाथवर रडू लागला.

अधिकारी आजारी पडतात, वेळा बदलतात. त्यात मी काही शोधत बसत नाही. पण बुधवारी मी नक्की खोटं बोलले असते. ते खोटं निभावून न्या, एवढंच मी महाराजांकडे मागत होते. त्यांनी ते माझ्या हातातूनच काढून घेतलं. आजही गुरुवारी केळं सोलताना आधी हात जोडले जातात.