मेष्ट्रुंचा कारकून

आमच्या अग्रहार वस्तीतले मेष्ट्रु कॉम्प्युटरला 'कारकून' म्हणत आणि कारकुनावर रागवावं तसं त्याच्यावर रागवतही. मेष्ट्रु म्हणजे कन्नडमधले मास्तर. विद्यापीठात ते पीएच.डी.च्या मुलांचे गाइड होते आणि आमच्या शेजारी राहायचे. नातवंडांनो, तुम्ही ज्याला एआय म्हणता तोच हा कारकून.

"कारकुनाने वाचवलेला वेळ माणसांत घालवायचा," ही त्यांची अट. विद्यार्थ्याने लिहिलेलं आधी कारकुनाला दाखवायचं, मग मेष्ट्रुंबरोबर मंडी मोहल्ल्याच्या बाजारापर्यंत चालत ते तोंडी सांगायचं. कोणी अडखळलं की मेष्ट्रु मुद्दाम भाजीचा भाव विचारत बसायचे. तेवढ्यात पोरगं सावरायचं.

मंजुळा त्यांची शेवटची विद्यार्थिनी, एच. डी. कोटे गावची. मुलं परदेशी गेलेल्या म्हाताऱ्यांवर तिचा प्रबंध. माझीही मुलाखत तिने घेतली. कारकुनाने रेकॉर्डिंगवरून निष्कर्ष काढला, की या अज्जी, म्हणजे मी, बोलताना सारख्या गप्प होतात, म्हणजे एकाकी आहेत. सगळ्यांच्या अशा गप्प होण्यावर मंजुळेने अख्खं प्रकरण लिहिलं.

मेष्ट्रु तिला घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आले. "अक्का, इथे गप्प का झालात?" म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. मी बोलते, थांबते, मागे कुकर वाजतो.

"शिट्ट्या मोजत होते," मी म्हटलं. "नाहीतर डाळ कच्ची राहते."

मेष्ट्रु हसून हसून खाली बसले. मंजुळेचे डोळे भरले. "अय्यो सर, प्रबंध द्यायला महिना राहिला. प्रकरण गेलं की."

"सरी, बरं, जाऊ दे. कोण कुठे थांबलं ते कारकून शोधेल. का थांबलं ते तू जाऊन विचार."

ती पुन्हा घरोघर गेली. एकजण दूधवाल्याची वाट पाहत होते, एकींची कवळी निसटली होती. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक जागा अशी निघाली, जिथे कुकर वाजत नव्हता. ते विचारायला दोघं पुन्हा माझ्याकडे आले, तेव्हा मेष्ट्रुंनी मंजुळेचा रेकॉर्डिंगचा फोन बंद करून उलटा ठेवला. मग मी तुमच्या बाबांना परदेशी जाताना विमानतळावर सोडून एकटी घरी परतले, त्या दिवसाचं सांगितलं.

"हे तुझ्यासाठी," ते मंजुळेला म्हणाले. "परीक्षकांसाठी नाही."

प्रबंध वेळेत गेला आणि पासही झाला. पुढे मेष्ट्रु निवृत्त होऊन धारवाडला लेकीकडे निघाले. सामान ऑटोत चढवायला डॉक्टर मंजुळा आली होती. माझ्या दाराशी येऊन मेष्ट्रु जरा वेळ नुसतेच उभे राहिले. का थांबलात, हे मंजुळेने विचारलं नाही. मीही नाही.